भरलं ओगराळं

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजाला भेटायला प्रजेला ताटकळावं लागत नसे. राजाच वेळ जात नाही म्हणून कोणाच्याही ओसरीवर येऊन बसत असे.

नदीच्या वळणात एक नगर होतं. मागे डोंगर, पुढे नदी आणि मधे घरांची दाटी. डोंगरावर तीनशे पायऱ्या चढून गेलं की नगारखाना लागे. तिथला नगारची रोज पहाटे वर जाऊन नदीच्या वरच्या अंगाला नजर टाकायचा. पाणी शांत असलं तर तीन टोले. चढत असलं तर सारखा नगारा. ते तीन टोले कानावर पडल्याशिवाय नगरातली बाई चूल पेटवत नसे.

या नगरात एक रीत होती. खीर-वरण वाढायचं उभ्या दांड्याचं भांडं असतं ना, ओगराळं, ते स्वयंपाकघरातून भरून बाहेर पंगतीत गेलं की रिकामंच परत यायला हवं. भरलं ओगराळं परत आणणं म्हणजे घराला बट्टा. जेवणाऱ्याने "पुरे" म्हटलं तर ऐकायचं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तर हसायचं. तिसऱ्यांदा त्याने पानावर हात आडवा धरला, तर तो हात बाजूला करून वाढायचं.

रीत मुळात वाईट नव्हती. कोणे एके काळी तिथे दुष्काळ पडला होता. दुसऱ्याला उरावं म्हणून जो तो अर्धपोटी उठे आणि "पुरे, पुरे" असं खोटंच सांगे. तेव्हाच्या राणीने कोठारं उघडली आणि दवंडी पिटवली, की आजपासून कोणाच्या "पुरे"वर विश्वास ठेवू नका.

दुष्काळ सरला. राणीही गेली. दवंडी मात्र मागे घ्यायची राहिली. पुढे नदीला पाट निघाला, पाटाच्या दोन्ही अंगांना ऊस उभा राहिला, जागोजाग गुऱ्हाळं लागली आणि गूळ मातीमोल झाला. ओगराळं तेच होतं. फक्त आतल्या पेजेची खीर झाली होती.

मग व्हायचं ते झालं. शिपाई दोन गल्ल्या चालले की धापा टाकू लागले. विणकर मागाला लागेपर्यंत दुपार होई. ऐन चाळिशीत गुडघे धरलेली माणसं वैद्याच्या दारात रांगा लावून बसत, आणि रांगेत बसून बसून आणखी जड होत. पंगतीनंतरच्या पत्रावळींवर पोसलेले कावळेसुद्धा उडायचे सोडून चालत फिरायला लागले होते.

अशा या नगरात, नगारच्याच्या घरी, गिरजा नावाची मुलगी सून म्हणून आली.

गिरजा नदीपलीकडच्या डोंगरातली. मितभाषी होती. तिच्या माहेरी भांडं मधोमध ठेवत आणि ज्याला जेवढं हवं तेवढं तो आपल्या हाताने घेई. त्यामुळे आग्रह कशाशी खातात हे तिला ठाऊकच नव्हतं. पहिल्याच पंगतीत पाहुणा "पुरे" म्हणाला आणि ही थांबली.

सासूबाईंनी तिला दंडाला धरून आत नेलं. "काय झालं थांबायला?"

"आत्याबाई, ते पुरे म्हणाले."

"म्हणणारच! भला माणूस आहे तो. तू काय करायचंस?"

"काय करायचं?"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "तोंडाने नाही जमत तर निदान हात ढिला सोडत जा, बाई."

गिरजा हात ढिला सोडायला शिकली. पण पंगत उठली की तिच्या जिवाला स्वस्थता नसे. ती भांडी घाशी, पुन्हा घाशी, घासलेली उचलून तिसऱ्यांदा घाशी. आपण कोणाचं तरी काहीतरी ओढून घेतलं, असं तिला वाटत राही. काय, ते सांगता येत नसे.

नवरा चाकरीसाठी दूरच्या ठाण्यावर असे. घरात तिला समजून घेणारे एकच होते, तिचे सासरे. ते तिला सूनबाई म्हणत, ती त्यांना मामंजी म्हणे. हाडाचे नगारची. आवाज मोठा, देह त्याहून मोठा, मन सगळ्यांत मोठं. पण हल्ली पायऱ्या चढताना ते चाळीस वेळा बसत. त्यात पायात बाभळीचा काटा गेला होता, त्याला तीन महिने होत आले तरी जखम सुकत नव्हती.

"मामंजी, वैद्यबुवांना दाखवा की."

"काट्याला काय दाखवायचं, सूनबाई? काट्याला लाज वाटेल."

इकडे राजालाही झोप नव्हती. कामं अडत होती, औषधांवर खजिना उपसला जात होता. त्याने प्रधानाला उपाय विचारला. प्रधान काडीसारखा होता. त्याचे वडील काडीसारखे होते, आजोबाही. पण आपल्या बारीकपणाचं सगळं श्रेय तो आपल्या संयमाला देई.

प्रधान म्हणाला, "महाराज, लोकांची हाव वाढलीये. पानं लहान करा."

पानं लहान झाली. लोक दोन-दोन मांडू लागले.

मग प्रधानाने कडू काढा काढला. जेवणानंतर प्रत्येकाने वाटीभर घ्यायचा. काढा इतका कडू, की तोंड गोड करायला वर गुळाचा खडा लागे. आणि वाढणाऱ्या बायांना नवंच निमित्त मिळालं, "काढा घेताय ना? मग घ्या की अजून एक ओगराळं, जिरेल!"

तेव्हा प्रधान चिडला. त्याने वेशीवर भला मोठा तराजू टांगला. एका पारड्यात ज्वारीची दोन पोती, दुसऱ्यात माणूस. राजाच्या चाकरीतल्या ज्याचं पारडं खाली जाईल, त्याची चाकरी पुढच्या पौर्णिमेला जाईल.

वेशीवर रोज जत्रा भरू लागली. बघे पारावर बसून हसत. मामंजींची पाळी आली तेव्हा त्यांचं पारडं खाली गेलं आणि एकजण ओरडला, "अहो, नगारची बोलावला होता, यांनी नगाराच बसवला पारड्यात!"

सगळी वेस हसली. मामंजीही हसले. गिरजा भाजीची टोपली घेऊन मागेच उभी होती; ते हसणं ओठांच्या आत गेलं नव्हतं, हे तिने पाहिलं. त्या दिवसापासून ते वेशीकडे फिरकेनात. नुसते तेच नव्हे, हसू होईल या भीतीने निम्मं नगर घरात बसलं. आणि घरात बसलेला माणूस दुसरं काय करणार? समोर आलेलं खाणार.

पौर्णिमा चार दिवसांवर आली तशी मामंजींनी जेवण सोडलं. "पोट बरं नाही," एवढंच म्हणाले. नुसत्या पाण्यावर तीन दिवस काढले आणि चौथ्या पहाटे काठी टेकत डोंगराकडे गेले.

टोले पडले नाहीत. दिशा उजळल्या, तरी टोले नाहीत. नगरभर बाया चुलीपाशी काड्या घेऊन बसून राहिल्या. गिरजा मात्र बसली नाही. पदर खोचून ती पायऱ्यांकडे धावली.

सव्वाशेव्या पायरीवर मामंजी भिंतीला टेकून बसले होते. चेहरा पांढराफटक, पायाच्या फडक्यातून रक्त आलेलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "घरी सांगू नकोस हं, बसलो होतो म्हणून. सांग, नदी बघत होते."

तिथून नदी दिसत नव्हती.

माणसं बोलावून तिने त्यांना घरी आणलं. राजवैद्यांनी पाय पाहिला, नाडी धरली, आणि बराच वेळ सोडली नाही.

"काटा केव्हाच निघालाय," ते म्हणाले. "रक्तात गोडवा मुरलाय, म्हणून जखम भरत नाही. यांना उपाशीही ठेवायचं नाही आणि ठासूनही नाही. दोन वेळा, मोजकं. भाकरी, पालेभाजी. गोडाचं नाव नको. नाहीतर महिनाभरात पाय काढावा लागेल."

"आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना कोण सांगणार?" गिरजाने विचारलं.

"मी रोग्यांना औषध देतो, मुली. पाहुण्यांवर माझ्याकडे काही नाही."

गिरजा बाजारात गेली. मुळ्याची जुडी घ्यायला हात घातला आणि भाव ऐकून मागे घेतला. तेवढ्याच पैशांत गुळाची आख्खी ढेप येत होती.

"मावशी, मुळा आहे की माणिक?"

भाजीवाली तिच्याकडे बघतच राहिली. "नवी दिसतेस. अगं, पाटाचं पाणी उसाला फुकट आहे. मला पाहिजे तर पाळी विकत घ्यायची. उसाच्या कडेला वीतभर जागा मिळते, तिथे हे लावते. स्वस्त कुठून देऊ?"

गिरजाने कानातल्या बुगड्या चाचपल्या, मग पदराच्या गाठीतलं होतं नव्हतं ते देऊन मुळा आणि मेथी घेतली.

पण आजारपणाची बातमी पाटाच्या पाण्याहून वेगाने पसरली. नातेवाईक येऊ लागले आणि कोणी रिकाम्या हाताने येईना. खीर, शिरा, गुळाच्या पोळ्या. तिसऱ्या दिवशी थोरल्या काकी आल्या. गिरजाच्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई त्या. त्यांच्यापुढे सासूबाईसुद्धा सून होत.

पानात भाकरी आणि मेथी पाहून काकींनी गालाला बोट लावलं. "अगंबाई, काय हे? तीन मणाच्या माणसाला शेळीचा चारा?"

"वैद्यबुवांनी सांगितलंय," गिरजा म्हणाली.

"वैद्याचं काय जातंय सांगायला! त्याला नावं ठेवत नाहीत लोक. तुला ठेवतील. आण ते ओगराळं."

गिरजाने खिरीने भरलेलं ओगराळं आणलं. मामंजी म्हणाले, "पुरे." ती थबकली. काकी बघत होत्या, सासूबाई बघत होत्या, शेजारच्या खिडकीतून आणखी दोघी. मामंजी पुन्हा म्हणाले, "पुरे, सूनबाई." तिसऱ्यांदा त्यांनी पानावर हात आडवा धरला.

काकी म्हणाल्या, "परत नेतेस काय? पहिल्याच वर्षी?"

गिरजाच्या हाताने मामंजींचा हात बाजूला केला आणि ओगराळं उलटं झालं.

मामंजींनी खीर खाल्ली. वाटी पुसून खाल्ली. तिच्याकडे वर बघून हलक्या आवाजात म्हणाले, "असू दे. तुझं नाव राहिलं."

त्या आठवड्यात असं पाच वेळा झालं. पाचव्या खेपेनंतर पायाची दोन बोटं काळी पडली आणि वैद्यांनी ती काढून टाकली. जाताना ते गिरजाला बाजूला घेऊन म्हणाले, "आता पुढची पाळी पायाची."

गिरजाला काही सुचेना. बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठे जावं कळेना. विहिरीवर जाई आणि घागर न भरताच परत येई. ते माझ्या नावासाठी खातात, मी नावासाठी वाढते. हे नाव नेमकं राहतं कुठे आणि त्याला एवढं लागतं तरी काय, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरे.

इकडे पौर्णिमा आली आणि गेली, पण नगारखाना मुका होता. मामंजींच्या जागी दुसरा एक शिपाई वर धाडला, तो निम्म्यातून उतरला. शेवटी राजा स्वतःच नगारच्याच्या समाचाराला निघाला. सोबत प्रधान.

राजा घरी येतोय म्हटल्यावर थोरल्या काकी पहाटेच हजर झाल्या. पंगत मांडली गेली. राजा, प्रधान, आणि राजाच्याच शब्दाखातर त्याच्या शेजारी पाय लांब करून मामंजी.

सासूबाईंनी गिरजाच्या हातात ओगराळं दिलं. "आज आपल्या घराची लाज तुझ्या हातात आहे, बाई."

गिरजाने राजाला एकदा वाढलं. दुसऱ्यांदा गेली तेव्हा राजा सवयीने म्हणाला, "पुरे." ती तिथेच थांबली. राजाने चमकून वर पाहिलं. ती पुढे, मामंजींच्या पानाशी आली.

मामंजींनी ओगराळं पाहिलं, "पुरे" म्हटलं आणि पानावर हात आडवा धरला. आणि मग, तिने हात लावायच्या आधीच, आपला हात आपणच बाजूला घेऊ लागले. तिला त्रास नको म्हणून.

गिरजा तेवढं बघू शकली नाही. ती वळली आणि भरलेलं ओगराळं घेऊन, सगळ्या पंगतीसमोरून, स्वयंपाकघराकडे चालू लागली.

"अगंबाई, परत आणलं!" काकी किंचाळल्या.

"थांब, मुली," राजा म्हणाला.

गिरजा थांबली. ओगराळ्यातला एक थेंबही सांडला नव्हता.

"माझ्याही पानाशी तू थांबलीस," राजा म्हणाला. "चाळीस वर्षं राज्य करतोय. माझा प्रत्येक शब्द या नगरात पाळला जातो. 'पुरे' तेवढं आजवर कोणी पाळलं नव्हतं."

प्रधान ताठ झाला. "महाराज, हा रीतीचा अपमान आहे!"

"रीतीचं मी बघेन. तू बोल, मुली. का?"

गिरजाला आयुष्यात एवढं कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. पण आता मागे सरकायला जागा नव्हती.

"महाराज, मी वाढलं की मामंजी माझ्या नावासाठी खातात. नाही वाढलं की माझं नाव जातं. तर जाऊ दे. त्यांचा पाय जायला नको."

"पाय त्यांचा, तोंडही त्यांचं," प्रधान म्हणाला. "त्याला आवर घालायला काय होतं?"

"कसा घालणार, प्रधानजी? घरात हात बाजूला करून वाढतात. बाजारात मुळ्याच्या जुडीपेक्षा गुळाची ढेप स्वस्त, कारण पाणी उसाला फुकट आणि भाजीला विकत. बाहेर चालायला निघावं तर वेशीवर तुमचा तराजू आणि हसणारे लोक. पोट एका माणसाचं दिसतं, पण त्यात हात आम्हा सगळ्यांचे आहेत. माझाही आहे."

पंगतीत कोणी घास उचलेना.

"राज्यकारभार कुठे शिकलीस?" राजाने विचारलं.

"नाही शिकले. भाजी आणायला जाते, एवढंच."

दुसऱ्या दिवशी राजा स्वतः भाजी आणायला गेला. भाव ऐकून त्यानेही हात मागे घेतला. मग त्याने पाट पाहिले, वेस पाहिली, आणि वैद्याच्या रांगेत तासभर बसून कोणाला काय होतंय ते ऐकलं.

त्याच संध्याकाळी दवंडी पिटली, की राणीसाहेबांची जुनी दवंडी मागे घेतली आहे. आजपासून जेवणाऱ्याच्या पहिल्या "पुरे"वर विश्वास ठेवावा, आणि ही रीत राजवाड्याच्या पंगतीपासून सुरू होईल. तराजू वेशीवरून काढला आणि कांद्याच्या बाजारात नेला. पाण्याची पाळी उसाला आणि भाजीला सारख्या भावाने मिळू लागली. नगारखान्याच्या पायऱ्यांवर आजवर चाकरांखेरीज कोणाला सोडत नसत, त्या सगळ्यांना मोकळ्या झाल्या. आणि वैद्यांना सांगितलं, की रांगेची वाट बघू नका. बोटं काळी पडायच्या आधीच घराघरात जाऊन पाय बघा.

प्रधान म्हणाला, "खजिन्याला झेपेल का?"

"आत्तापर्यंतचं झेपत होतं का?" राजा म्हणाला.

हे सगळं एका दिवसात झालं नाही, बरं का. उसाचे बागायतदार राजवाड्यासमोर आठ दिवस ठाण मांडून बसले. पुष्कळ घरांत खिडक्या लावून चोरून आग्रह चालू राहिला. सासूबाई गिरजाशी महिनाभर बोलल्या नाहीत. मग एका लग्नात त्यांचं "पुरे" यजमानणीने पहिल्याच खेपेला ऐकलं. घरी येऊन त्या शांत झोपल्या आणि सकाळी उठून गिरजाला मेथी निवडून देऊ लागल्या. थोरल्या काकी मात्र शेवटपर्यंत बदलल्या नाहीत. सगळेच बदलायला हवेत असंही नव्हतं.

वर्ष सरता सरता नगराला चालायची सवय लागली. मामंजींची जखम भरली. दोन बोटं गेली ती गेलीच, आणि तीनशे पायऱ्या रोज चढणं त्यांना पुन्हा जमलं नाही. राजाने जोडीला आणखी एक नगारची दिला. दोघं पाळीपाळीने, एक दिवसाआड वर जात.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मामंजींनी काठी घेतली आणि गिरजाला हाक मारली. "सूनबाई, चल. तुझ्या माहेरी जाऊन येऊ."

"मामंजी, तिकडे गाडी जात नाही. डोंगरातनं चालावं लागतं."

"म्हणून तर वर्षभर तुला कोणी नेलं नाही. चल."

दोघं नदी उतरून पलीकडे गेली आणि डोंगराला लागली. मामंजी थांबत, दम घेत, पुन्हा निघत. गिरजा दर वळणावर मागे बघे. दुपार कलताना माथ्यावरून तिला आपल्या घराचं कौलारू छप्पर दिसलं. दारात आई उन्हाला हात आडवा धरून कोण येतंय ते बघत होती.

"तेच का?" मामंजींनी विचारलं.

"तेच."

"मग पळ तू पुढे," ते म्हणाले, "मी येतो माझ्या पायांनी."

तात्पर्य : सगळ्यांच्या चालीने आलेलं दुखणं एकट्याला दोष देऊन जात नाही, ज्या चालीने ते आलं, ती चाल सगळ्यांनी मिळून बदलावी लागते.